धाप कशाची?

साशंक : मला या जोडणीचीच भीती वाटते. लठ्ठपणा आणि दमा यांचं नातं आहे असं एकदा ठरलं, की त्या माणसाच्या दम्याचा बाकीचा सगळा इतिहास पुसला जातो. माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत. उत्तर नागपुरात राहतात, पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भारी. एप्रिलमध्ये दोन रात्री बसून काढल्या, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या. आत शिरताच त्यांना काट्यावर उभं केलं. आकडा पाहून सांगितलं, वजन उतरवा, धाप आपोआप थांबेल. स्टेथोस्कोप लावला नाही असं नाही, लावला. पण निकाल त्याआधीच लागला होता. घरी येऊन मावशी एवढंच म्हणाल्या, "दमा तर मले लहानपणापासून हाय. तवा मी काडीसारखी होती." त्या पुन्हा त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. तुम्ही ज्या नात्याचा एवढा आग्रह धरता, त्यानं त्या बाईंना औषधाविना घरी पाठवलं.

आग्रही : मावशींवर अन्याय झाला, त्यात दुमत नाही. पण तो काट्यानं केला नाही, काट्यावर थांबणाऱ्यानं केला. नातं मात्र खोटं नाही. अमेरिकेतल्या ८५ हजारांहून अधिक परिचारिकांवर चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कोणालाही दमा नव्हता. ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, ३० किंवा त्यावर होता, त्यांना नव्यानं दमा होण्याचं प्रमाण सडपातळ बायकांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. २००७ मध्ये असे सात अभ्यास एकत्र करून पाहिले, माणसं ३ लाख ३३ हजार. वजन जास्त असणाऱ्यांमध्ये दम्याची शक्यता साधारण दीडपट, लठ्ठ माणसांमध्ये जवळपास दुप्पट. वजन जसं वाढतं, तसा धोका वाढतो. यात स्त्री आणि पुरुष असा फरकही दिसला नाही. याला योगायोग कसं म्हणायचं?

साशंक : योगायोग म्हणत नाही मी. विचारते, मोजलं काय? 'तुम्हाला दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं का?' अशा प्रश्नाच्या उत्तरावर यातले बरेच आकडे उभे आहेत. जाड माणूस जिना चढून धापा टाकतो, डॉक्टर पंप लिहून देतात, झाला दमा. आपल्याकडे हा घोळ टाळायची सोय फार जुनी आहे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला तमकश्वास म्हणजे आपला दमा : ढगाळ हवेत, गार वाऱ्यात वाढणारा, आडवं होऊ न देणारा, बसलं की जरा उतार पडणारा. क्षुद्रश्वास वेगळा, श्रमानं येतो आणि बसलं की जातो. आणि सुश्रुतसंहितेत मेद वाढलेल्या माणसाची लक्षणं सांगताना नाव येतं ते क्षुद्रश्वासाचं. म्हणजे जाड माणसाची धाप आणि दमेकऱ्याची धाप ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे त्यांना दिसत होतं. तुमची नवी जोडणी ती रेघ पुसून टाकते.

आग्रही : ती रेघ मला मान्य आहे, नव्हे, ती हवीच. पण ती ओढायची कशी? नुसतं ऐकून ओढता येत नाही. कॅनडात २००८ मध्ये डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या माणसांची नीट तपासणी केली, औषधं हळूहळू काढत काढत. लठ्ठ गटातल्या सुमारे ३२ टक्के लोकांना दमा नव्हताच. तुमच्या बाजूनं बोलणारा आकडा वाटतो ना? आता दुसरा ऐका. लठ्ठ नसलेल्या गटातही सुमारे २९ टक्क्यांना दमा नव्हता. चूक दोन्हीकडे सारखीच होते, कारण दोन्हीकडे नळीत फुंकायला कोणी लावत नाही. स्पायरोमेट्री ही काही मोठी गोष्ट नाही. नाकाला चिमटा लावतात, खोल श्वास घ्यायला सांगतात, मग समोर उभं राहून ओरडतात, "फुंका, फुंका, अजून, अजून!" मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि निदान २०० मिलिलिटरनं वाढली, तर नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधानं सुटल्या, असं समजायचं. नुसत्या जाडीमुळे आलेल्या धापेत सहसा असं होत नाही. तिथे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी आणि एकूण बाहेर पडणारी, दोन्ही हवा सारख्या प्रमाणात कमी भरतात. सुश्रुताची रेघ आज या नळीत सापडते.

साशंक : मग झालंच की. दोन वेगळे आजार, दोन वेगळे उपाय. नातं कुठे उरलं?

आग्रही : इथेच तर ते सुरू होतं. मेद फक्त बाहेरून दाबत नाही. आधी दाब कसा चालतो ते पाहा. श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात काही हवा शिल्लक असते, तिच्यामुळे बारीक नळ्या उघड्या राहतात. पोटाची चरबी छातीखालचा पडदा वर ढकलते आणि ही शिल्लक घटते. एका अभ्यासात बीएमआय २० असलेल्या माणसाशी तुलना केली, तेव्हा ३० च्या माणसात, श्वास सोडल्यावर आणखी जोर करून बाहेर काढता येते ती राखीव हवा निम्म्याहूनही कमी निघाली. लक्षात घ्या, ३० म्हणजे काही अवाढव्य माणूस नव्हे, आपल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत असे डझनभर बसलेले असतात. हवा कमी म्हणजे श्वास उथळ, आणि उथळ श्वासात नळ्यांभोवतीचा स्नायू पुरता ताणलाच जात नाही. न ताणलेला स्नायू आखडतो, मग जराशा धुरानंही आवळतो. ही झाली यंत्राची बाजू. दुसरी बाजू रसायनांची. पोटातली चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तूप नव्हे, ती रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं सोडत असते आणि दाह शमवणारी कमी करते. आणि तिसरी गोष्ट, जी वाचून मी स्वतः थांबलो होतो : ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान झालेली ५२ फुप्फुसं तपासली. श्वासनळ्यांच्या भिंतीतच चरबीच्या पेशी सापडल्या, आणि ज्याचा बीएमआय जास्त, त्याच्या भिंतीत त्या जास्त. २०१९ ची गोष्ट. पोटावर दिसते ती चरबी नळीच्या भिंतीतही असते, हे आधी कोणी पाहिलंच नव्हतं.

साशंक : तरी एक प्रश्न सुटत नाही. आधी काय? दमेकरी मूल पळत नाही. शाळेला चिठ्ठी जाते : याला पीटीला बसवून ठेवा. पाचवीपासून दहावीपर्यंत ते मूल मैदानाच्या कडेला मित्रांच्या वह्या सांभाळत बसतं. घरी आजी म्हणते, दमलं असेल गं, दे त्याला दोन घास जास्त. वर दम वाढला की कोणी तरी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स देतं, कोणी पुड्या देतं ज्यांच्यात काय आहे ते विचारायचं नसतं. चेहरा गोल होतो, भूक वाढते. पंधराव्या वर्षी ते मूल जाड आणि दमेकरी असतं, आणि मग तुमचे लोक येऊन म्हणतात, पाहा, जाड आहे म्हणून दमा आहे.

आग्रही : हे तुम्ही फार नेमकं बोललात, आणि याला पुरावाही आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातली दोन हजारांवर मुलं काही वर्षं पाहिली गेली. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या पण दमा असलेल्या मुलांमध्ये पुढे लठ्ठ होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे बाण उलटाही जातो. पण त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य बहुतेक लोक सोडून देतात : जी मुलं दम लागल्यावर पंप वापरत होती, त्यांच्यात लठ्ठ होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. आपल्या घराघरात काय म्हणतात? पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय. सून पाहायला आलेल्यांच्या नजरेला पडू नये म्हणून पंप कपाटात लपवलेला मी पाहिला आहे. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. पंप टाळायचा म्हणून लोक गोळी घेतात, इंजेक्शन घेतात, मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळतात. वजन वाढवणारं औषध टाळायच्या नादात वजन वाढवणारंच औषध घेतात. मला विचाराल तर दमेकरी मुलाच्या हातात वेळेवर दिलेला पंप ही वजन आटोक्यात ठेवायची पहिली पायरी आहे.

साशंक : मग तुमचा मूळ आग्रह उलटा झाला ना! आधी दमा आवरा, वजन मागून येईल.

आग्रही : अर्धा उलटा. बाण दुसऱ्या दिशेनंही जातो हे दाखवायला ब्रिस्टलच्या मुलांचा अभ्यास आहे. तिथे वजनाऐवजी वजन वाढवणारी जनुकं मोजली. जनुकं जन्मतः ठरतात, पीटी चुकवल्यानं ती बदलत नाहीत. तरीही ज्यांच्यात ती जास्त, त्यांच्यात सात-साडेसात वर्षांच्या वयात दमा जास्त सापडला. म्हणजे वजनाकडून दम्याकडे जाणारी वाट खरी आहे. आणि फिनलंडमध्ये २००० साली ३८ लठ्ठ दमेकरी घेऊन अर्ध्यांचं वजन ठरवून उतरवलं. त्यांची फुंक सुधारली, लक्षणं कमी झाली, आणि हे वर्षभर टिकलं. ३८ हा आकडा लहान आहे, मी तो मोठा करून सांगणार नाही.

साशंक : परिचारिका अमेरिकेच्या, मुलं ब्रिस्टलची, फुप्फुसं पर्थची. आपल्या अंगाचं काय? तुम्हाला डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं ते छायाचित्र आठवत असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण दिसतो बारीक आणि आतून असतो जाड. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं वजनही जन्मतः कमी भरलं, पण त्या मानानं चरबी टिकून असलेली आढळली. मग तुमच्या त्या ३० च्या रेघेला इथे काय अर्थ? मावशींना काट्यानं दोषी ठरवलं, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला, हातपाय काडीसारखे पण पोट सुटलेला माणूस निर्दोष सुटला.

आग्रही : हे तुम्ही माझ्या विरुद्ध सांगताय, पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. नातं काट्याशी नाही, चरबीशी आहे, आणि तीही कुठे साठली याच्याशी. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर आणली गेली. कमरेचा घेर मोजायला सांगतात तोही त्यासाठीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ मध्ये देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले, आणि तेही जुन्या, २५ च्या रेघेनं. २३ ची रेघ लावली तर किती निघतील याचा विचार करा. दम्याचे रुग्ण आपल्याकडे साडेतीन कोटींच्या घरात, जगातल्या दम्याच्या साधारण १३ टक्के. पण दम्यानं होणारे मृत्यू चाळीस टक्क्यांहून जास्त आपल्याकडचे. या दोन आकड्यांमधल्या अंतरानं माझी झोप उडते. दमा आपल्याकडे जास्त नाही, दम्यानं मरणं जास्त आहे.

साशंक : त्या अंतरात वजन किती आणि हवा किती? तुम्ही बोलायला लागल्यापासून मी वाट पाहतेय, कोराडीचं नाव केव्हा येतं. मावशींच्या गच्चीवर चादर वाळत घातली तर संध्याकाळी झटकावी लागते. कोराडी आणि खापरखेडा, दोन औष्णिक केंद्रं शहराच्या उशाशी, त्यांच्या राखेचे तलाव वेगळे. २०२३ च्या मे महिन्यात कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच बसवण्यावर जनसुनावणी झाली, तेव्हा लोक याच श्वासाबद्दल बोलत होते. घरात वेगळीच हवा. रात्री मच्छर अगरबत्ती लावतात. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. आणि आपला कुलर! मार्च संपता संपता अडगळीतून काढायचा, गेल्या वर्षीच्याच गवताच्या ताट्यांवर पाणी सोडायचं आणि चालू करायचा. त्या पहिल्या झोताचा वास नागपूरच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे, ओलसर, कुबट. तो वास म्हणजे बुरशी. ताट्या काळ्या पडलेल्या असतात, टाकीच्या तळाशी शेवाळ. मावशी त्याच झोतासमोर झोपतात, कारण ४५ अंशांत दुसरीकडे झोपता येत नाही. एप्रिलमध्येच त्यांचा दम का उसळला, हे काटा कसं सांगेल? वजनाची गोष्ट काढली की दोष त्या माणसाचा होतो. राखेचा, कॉइलचा, कुलरचा कोणी विचार करत नाही. तर्री-पोहे खाल्ले म्हणून दमा झाला, असं सांगणं फार स्वस्त आहे.

आग्रही : कुलरचं मीही मान्य करतो, आणि एप्रिलमधल्या प्रत्येक दमेकऱ्याला पहिला प्रश्न ताट्या बदलल्या का हाच विचारायला हवा. पण हवा की वजन, अशी निवड करायला लावू नका. बाल्टिमोरमध्ये गरीब वस्तीतल्या १४८ दमेकरी मुलांच्या घरांतली हवा मोजली. तेवढ्याच धुळीनं जादा वजनाच्या मुलांचा दम जास्त वाढत होता. राख एकच, पण जड मुलाला ती जास्त छळते. मग वजनाची गोष्ट म्हणजे राखेला दिलेली सूट कशी? मी तर उलट म्हणेन की ज्या शहरात दर चौथा माणूस जड आहे, तिथे चिमणीच्या धुराचा हिशोब आणखी कडक हवा. जड माणसाला स्वच्छ हवेची गरज जास्त आहे, कमी नाही.

साशंक : हा युक्तिवाद मी पहिल्यांदा ऐकते आहे, आणि तो मला पटतो. पण जनसुनावणीत तो कोणी मांडत नाही, दवाखान्यातही नाही. दवाखान्यात फक्त "रोज चाला" एवढंच ऐकायला मिळतं. कुठे चालायचं सांगा. अंबाझरीला, फुटाळ्याला, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली चालणारे आहेत, त्यांच्या दारातून तिथे गाडी जाते. मावशींच्या वस्तीत रस्त्याच्या कडेला नाली, नालीवर फळी, फळीवर दुचाकी. एप्रिल ते जून सकाळी आठनंतर ऊन सोसत नाही, आणि आठपर्यंत त्यांचा डबा, पाणी, नातवंडांची शाळा. संध्याकाळी कचरा जळतो. या बाईंना चालायला सांगणं सोपं आहे, चालणं सोपं नाही.

आग्रही : नाही. आणि २०२५ मध्ये वजन उतरवणारी जी इंजेक्शनं भारतात आली त्यांची तेव्हाची किंमत मी मावशींसमोर उच्चारूही शकलो नसतो. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण ती माझ्याच बाजूला अडचणीची आहे. लठ्ठपणाबरोबर येणारा दमा एकाच जातीचा नाही. एक प्रकार उशिरा येतो, बहुधा चाळिशीनंतर, बहुधा बायकांना, ॲलर्जीशिवाय. दुसरा लहानपणचा, ॲलर्जीचा, ज्याच्यावर वजन नंतर येऊन बसतं. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या दमेकऱ्यांना एका वर्षानंतर तपासलं, तेव्हा श्वासनळ्यांची आवळण्याची खोड ठळकपणे कमी झाली ती पहिल्या प्रकारात. ॲलर्जीवाल्यांना बरं वाटलं, पण नळ्यांची खोड तशी गेली नाही. आणि पंपातलं स्टेरॉइडसुद्धा जड माणसावर अनेकदा कमी चालतं. म्हणजे मी ज्या पंपाचा एवढा कैवार घेतला, तोही इथे अर्धाच हात देतो.

साशंक : थांबा. मावशींचा दमा लहानपणचा आहे. काडीसारख्या होत्या तेव्हाचा.

आग्रही : हो. मीही तेच म्हणत होतो.

साशंक : म्हणजे सगळं जग पालथं घालून आपण इथे आलो, की त्या दवाखान्यात त्यांना जे सांगितलं, धाप आपोआप थांबेल, ते त्यांच्याच बाबतीत सगळ्यात कमी खरं होतं.

आग्रही : 'आपोआप' हा शब्द खोटा होता. वजन उतरल्यानं त्यांचा जिना सोपा होईल, झोप सुधारेल, राख कमी बोचेल. क्षुद्रश्वास जाईल. तमकश्वास किती कमी होईल हे मी त्यांना आजच्या आज सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण म्हणून वजनाची गोष्टच काढू नये, असं तुम्ही म्हणाल तर तेही मी मानणार नाही. दोन प्रकारची धाप एकाच छातीत असते. एक तरी कमी करता येते.

साशंक : मी काढू नका म्हणत नाही. मी क्रम विचारते. आधी नळीत फुंकायला लावाल का? मग पंप, आणि तो कसा ओढायचा ते समोर बसून दाखवाल का? मग ताट्या, कॉइल, राख? आणि वजन?

आग्रही : एक वही द्या त्यांना. साधं पीक फ्लो मीटर मिळतं, नळीसारखं, त्यात सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडा लिहायचा. ताट्या बदलल्या तो दिवस लिहायचा, कॉइल बंद केली तो दिवस लिहायचा. शेवटी एक रकाना वजनाचा, महिन्यातून एकदा. तीन महिन्यांनी कोणत्या रकान्याबरोबर फुंक हलली, ते त्यांच्याच हातानं लिहिलेलं असेल.

साशंक : वजनाचा रकाना असू द्या. पण तो त्या घरी भरतील, स्वतः. काट्यावर त्यांना आता दुसऱ्या कोणी उभं करायचं नाही. आणि मीटर घेऊन त्यांच्याकडे कोण जाणार? त्या तर म्हणाल्यात, पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही.